गिअरबॉक्समध्ये काहीतरी पडलंय!

गाडी छोट्याशा दुरुस्तीसाठी गॅरेजला दिलेली असते. संध्याकाळी मिळेल, असं सांगितलेलं असतं. दुपारी चारच्या सुमारास फोन येतो, "मॅडम, काम करताना एक पिन गिअरबॉक्सच्या आत पडली. काढायला वेळ लागेल."

अशा वेळी आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "खर्च किती?" दुसरा, "पाडली कोणी?" आणि घरी कुणाला तरी बाहेर जायचं असेल तर तिसरा, "एवढीशी पिन ना, राहू दे आत. नंतर बघू. आज गाडी देता येईल का?"

यातला तिसरा प्रश्न सर्वांत महाग पडू शकतो आणि दुसरा प्रश्न सर्वांत निरुपयोगी आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर गिअरबॉक्सच्या आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. घाबरू नका, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. मी स्वतः इंग्रजी साहित्य शिकले आहे.

आत असतं तरी काय?

मॅन्युअल गिअरची गाडी म्हणजे जिचे गिअर आपण हाताने बदलतो ती. तिचा गिअरबॉक्स म्हणजे धातूची एक बंद पेटी, बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमची. आत दोन-तीन दांडे आणि त्यांवर लहानमोठी दातेरी चक्रं. तळाशी गिअर ऑइल, छोट्या गाडीत साधारण दोन लिटर. चक्रं फिरताना हे तेल उडवत राहतात आणि त्यामुळे सगळ्या भागांना वंगण मिळतं.

आपल्याला वाटतं, लिव्हर हलवला की चक्रं सरकून एकमेकांत अडकतात. फार जुन्या गाड्यांमध्ये तसंच होतं, आणि म्हणून तेव्हाचे ड्रायव्हर गिअर टाकताना खर्रर्र आवाज काढत. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश नावाची सोय गाड्यांमध्ये आणली आणि गिअर बदलणं मऊ झालं. आजच्या गाड्यांमध्ये पुढे जाण्याच्या गिअरची चक्रं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. लिव्हरने फक्त ठरतं, की त्यांतली कोणती जोडी दांड्याला घट्ट धरायची.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये असली, क्लचवरून पाय काढलेला असला आणि इंजिन नुसतं चालू असलं, तरी आतली चक्रं फिरत असतात. इंजिन शांतपणे मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर गिअरबॉक्सचा पहिला दांडा सेकंदाला तेरा वेळा फिरतो. "न्यूट्रलमध्ये एकदा चालू करून बघू, आवाज येतो का" हा प्रयोग म्हणूनच धोक्याचा आहे. आवाज आला, तर त्याचा अर्थ नुकसान झालेलं आहे.

गाडी ढकलणंही तितकंच वाईट. इंजिन बंद असलं तरी, ज्या चाकांना ताकद जाते ती जमिनीवर फिरली की उलट्या बाजूने गिअरबॉक्सचा अर्धा भाग फिरतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही चाकं पुढची असतात. त्यांच्या गिअरबॉक्समध्येच डिफरन्शिअलचं मोठं दातेरी चक्र असतं, तेही तळाशी, तेलात बुडालेलं. पडलेली वस्तू बहुधा तिथेच जाऊन बसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं, आणि हे मोठं चक्रही जवळपास तेवढंच. प्रत्येक फेरीला ते तळाशी पडलेल्या पिनेच्या शेजारून जाणार.

"राहू दे तळाशी" म्हणणारे लोक भेटतात. काही वेळा वस्तू एखाद्या कोपऱ्यात गाळात रुतून वर्षानुवर्षं पडूनही राहते. पण ती रुतेल की दोन दात्यांमध्ये जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही. दात्यांमध्ये गेली तर दाता तुटतो, तुटलेला दाता पुढच्या दात्यांत जातो, कधी ॲल्युमिनियमची पेटीच तडकते. सर्वांत वाईट म्हणजे चालत्या गाडीत गिअरबॉक्स अडकून चाकं एकदम जाम होणं. आमच्या म्हैसूरहून बेंगळुरूला जाणाऱ्या ११८ किलोमीटरच्या नव्या महामार्गावर, मागून भरधाव गाड्या येत असताना, मागच्या सीटवर मुलं असताना असं झालं तर काय, याचा विचार करा. पाच-दहा रुपयांच्या पिनेसाठी ही जोखीम घ्यायची नाही.

पडतं कसं आणि कुठून?

गिअरबॉक्स बंद पेटी असली तरी तिला दारं आहेत. जुन्या जीपसारख्या गाड्यांमध्ये गिअरचा लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. लिव्हर खडखडू लागला, त्याचा बुश बदलायचा म्हणून तो काढला, की खाली सरळ चक्रं दिसतात. तिथून स्प्रिंग, पिन, लॉक, जुन्या बुशचा तुकडा, काहीही आत जाऊ शकतं. छोट्या गाड्यांत लिव्हरपासून केबल किंवा दांड्या जातात, त्यामुळे डोक्यावर असं दार नसतं. पण तेल भरायचं भोक असतं, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच असतो, वेग मोजणारा सेन्सर असतो. गिअर जागेवर धरून ठेवणारा छोटा स्टीलचा छर्रा आणि त्याची स्प्रिंगही असते. वरचं झाकण उघडताना हा छर्रा उडी मारून गेल्याच्या गोष्टी कोणताही जुना मिस्त्री सांगेल.

एक वेगळा प्रकारही माहीत असू द्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लचचं घर असतं. ते कोरडं असतं, तिथे तेल नसतं. बोल्ट तिथे पडला असेल तर तो गिअरच्या चक्रांत जात नाही. मात्र इंजिनच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, तो अडकू शकतो. त्यामुळे इंजिन तेव्हाही चालू करायचं नाही. पण काम बरंच सोपं असतं. पुष्कळदा स्टार्टर मोटर काढली की तिच्या भोकातून बोल्ट दिसतो आणि निघतो. म्हणून मिस्त्रीला विचारा, "तेलाच्या बाजूला पडलं की क्लचच्या बाजूला?" या एका प्रश्नाने खर्चाचा अंदाजही येतो आणि समोरच्यालाही कळतं, की बाईंना विषय समजतोय.

"एनु बित्तु?"

मी राहते ते हेब्बाळ म्हणजे बेंगळुरूचं नव्हे, म्हैसूरचं. इथे औद्योगिक वसाहत आहे, इन्फोसिसचा मोठा परिसर आहे आणि त्यांच्या आधाराने वाढलेली छोटी-छोटी गॅरेजंही आहेत. यंत्रांची सवय या शहराला जुनीच. इथल्या यादवगिरीत १९६१ पासून आयडियल जावा कंपनीच्या मोटरसायकली बनत होत्या. पुढे त्याच येझदी नावाने निघाल्या. किक मारायचा आणि गिअर टाकायचा लिव्हर एकच, ही त्यांची खासियत. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्यांची पोटं उघडून पुन्हा बंद करणारे हात शहरात राहिले. नवीन मुलं कामाला लागतात ती अशाच कुणाच्या तरी हाताखाली.

अशाच एका गॅरेजमध्ये मी घरच्या गाडीचं पंक्चर निघायची वाट बघत बसले होते. शेजारी एक जुनी जीप. आतल्या बाजूने लिव्हर काढलेला. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा नवीन बुश बसवत होता. तेलकट बोटांतून काहीतरी निसटलं. टिंग असा बारीक आवाज झाला. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, ओळगे बित्तु." अण्णा, आत पडलं.

मिस्त्री हातातला पाना ठेवून आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "एनु बित्तु?" काय पडलं? मग, "एल्लि?" कुठे? कोणी पाडलं, हे त्याने विचारलंच नाही. किल्ली काढून खिशात टाकली. मुलाला तशीच दुसरी पिन आणायला लावली, तिला चुंबक लावून बघितलं. चिकटली. "बरं आहे," म्हणाला. पुढचा अर्धा तास दोघं टॉर्च आणि चुंबकाची काडी घेऊन त्या भोकावर वाकले होते. चौथ्या की पाचव्या खेपेला पिन वर आली.

गाडीचा मालक तिथे नव्हता. मुलगा गप्प राहिला असता, डब्यातून दुसरी पिन काढून बसवली असती, तर कुणालाही काही कळलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नाही. तेव्हा मला वाटलं, गिअरबॉक्समधून वस्तू काढायचं पहिलं अवजार चुंबक नाहीच. "पडलं" असं लगेच सांगता येणं, हे ते अवजार. आणि ते त्या मुलाला मिळालं, कारण सांगितल्यावर काय होतं हे त्याने आधी पाहिलेलं होतं.

काढतात कसं?

चांगला मिस्त्री साधारण कोणत्या क्रमाने जातो, ते पाहा. सोप्यापासून अवघडाकडे.

आधी सगळं जिथल्या तिथे थांबवायचं. इंजिन नाही, ढकलणं नाही, गिअर हलवून बघणं नाही. मग नेमकं काय पडलं, किती पडलं, कशाचं होतं, हे ठरवायचं. स्टीलची पिन चुंबकाला चिकटते. पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि रबर चिकटत नाहीत. म्हणून तसाच दुसरा भाग हातात घेऊन तपासायचा. वस्तू तुटून पडली असेल तर उरलेले तुकडे जुळवून बघायचे, म्हणजे आत किती गेलंय ते कळतं.

मग बघायचं. टॉर्च, छोटा आरसा, नाहीतर बारीक वायरच्या टोकाला कॅमेरा असलेलं यंत्र, जे मोबाइलला जोडता येतं. दिसल्याशिवाय आत काडी ढवळत राहिलं तर वस्तू आणखी खाली ढकलली जाते.

त्यानंतर वाकणाऱ्या दांडीचं चुंबक. इथे एक गंमत आहे. आतली चक्रं आणि दांडे स्टीलचेच, त्यामुळे चुंबक वाटेत त्यांनाच चिकटत जातं. यावर साधा उपाय म्हणजे चुंबकाच्या कडेभोवती प्लास्टिकची नळी चढवायची. फक्त टोक उघडं ठेवायचं. मग ते बाजूला कमी चिकटतं. चुंबकाला न चिकटणाऱ्या वस्तूसाठी टोकाला बारीक पंजा असलेली दांडी वापरतात, किंवा काडीला घट्ट ग्रीस लावून त्यात वस्तू चिकटवतात.

हाताला लागत नसेल तर तेल काढायचं. यातही क्रम आहे. आधी तेल भरायच्या भोकाचा बोल्ट सैल होतो का ते बघायचं, मगच खालचा काढायचा. नाहीतर तेल सगळं बाहेर आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, अशी फजिती होते. तेल स्वच्छ भांड्यात, बारीक जाळीतून गाळून घ्यायचं. लहान वस्तू कधी तेलाबरोबरच बाहेर येते. खालच्या बोल्टला पुष्कळ गाड्यांत चुंबक असतं. त्यावर करडा, लोण्यासारखा थर दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. टोकदार तुकडे किंवा दात्याचा कपचा दिसला तर मात्र काळजीचं.

त्यानेही जमलं नाही तर झाकणं उघडायची. पुष्कळ छोट्या गाड्यांमध्ये पाचव्या गिअरची चक्रं पेटीच्या एका टोकाला वेगळ्या झाकणाखाली असतात. ते झाकण गिअरबॉक्स न उतरवता काढता येतं. वस्तू त्या बाजूला असेल तर काम तिथेच संपतं.

आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स खाली घेऊन उघडायचा. हे मोठं काम, एक दिवस सहज जातो, मजुरीही तशीच. पण ते करावं लागलंच तर क्लच प्लेट आणि ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्या. बदलायला आली असतील तर आत्ताच बदला, कारण त्यांसाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. एकाच मजुरीत दोन कामं होतील.

छोट्या वस्तूंना मोठे लोकही घाबरतात

हे फक्त गल्लीतल्या गॅरेजचं दुखणं आहे असं समजू नका. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात, दमास्कस गावाजवळच्या क्षेपणास्त्र तळावर देखभाल करताना एका तंत्रज्ञाच्या पान्याचा सॉकेट निसटला. तो सुमारे ८० फूट खाली गेला आणि टायटन-२ क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीला भोक पडलं. काही तासांनी, पहाटे, प्रचंड स्फोट झाला आणि हवाई दलाच्या एका जवानाचा जीव गेला. क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र होतं, सुदैवाने त्याचा स्फोट झाला नाही.

म्हणून विमानांच्या देखभालीत अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. काम संपल्यावर एक जरी जागा रिकामी दिसली तरी आधी तो पाना शोधायचा, मग विमान सोडायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी आणली, तिच्यातही रुग्णाला बाहेर नेण्याआधी सुया, कापसाचे बोळे आणि अवजारं मोजून झाली का, हे मोठ्याने विचारायचं आहे. मोजण्यामागची समजूत साधी आहे. हातून वस्तू पडणारच, कुशल माणसाच्याही. म्हणून पडल्याचं लवकर कळावं अशी व्यवस्था करायची.

गॅरेजमध्ये ही व्यवस्था फार स्वस्तात होते. उघड्या भोकावर स्वच्छ फडकं, काढलेले भाग क्रमाने ठेवायला खाचांचं एखादं ताट. घरातली इडलीपात्राची जुनी थाळी यासाठी झकास. तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीला एखादी देऊन तर बघा!

तुमचं काम काय?

फोन आला की विचारायचे प्रश्न हे: काय पडलं? तेलाच्या बाजूला की क्लचच्या? ते पडल्यावर इंजिन चालू केलं का, गाडी हलवली का? काढायला आधी काय करून बघणार? आणि शेवटी, गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर आधी फोन कराल ना?

पैशांचं बोलणं स्पष्ट हवं. कामाच्या वेळी हातून पडलेली वस्तू काढण्याची मजुरी साधारणपणे गॅरेजने सोसावी, असं म्हणणं रास्त आहे. त्याच वेळी तुम्ही स्वतः नवीन क्लच प्लेट घातली, तर तिचे पैसे तुमचे. नवीन गिअर ऑइलचं काय, ते आधीच ठरवा. गाडीच्या नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड धरला जात नाही, त्यामुळे विमा कंपनी देईल या आशेवर राहू नका. गॅरेजने लपवलं आणि पुढे नुकसान झालं, तर सदोष सेवेची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यासाठी प्रत्येक दुरुस्तीचं बिल लेखी घ्यायची सवय लावा.

मात्र ज्याने स्वतःहून फोन करून सांगितलं, त्याच्यावर या कायद्याची धमकी पहिल्या वाक्यात काढू नका. तुम्ही ओरडलात की मालक मिस्त्रीवर ओरडणार, मिस्त्री पोऱ्यावर. त्याचा दिवसाचा पगार कापला जाणार. पुढच्या वेळी कुणाच्या तरी गाडीत टिंग आवाज होईल आणि तो पोरगा इकडेतिकडे बघून गप्प बसेल. ती गाडी तुमच्या बहिणीची असू शकते. घरातही आपण हेच बघतो ना? फुटलेला कप सोफ्याखाली सापडतो तो त्याच घरात, जिथे कप फुटल्यावर धपाटा मिळतो.

म्हणून त्या फोनवर आधी एवढंच म्हणा, "सांगितलंत ते बरं केलंत. गाडी आज नाही मिळाली तरी चालेल, पण काढल्याशिवाय चालू करू नका." बाहेर जायचं असेल त्यांना रिक्षाने पाठवा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा सापडलेली वस्तू बघायला मागा आणि नव्या भागाशेजारी ठेवून ती पूर्ण आहे ना, बघा. अर्धीच असेल तर उरलेली आतच आहे. तेल तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच भरलंय का, हे विचारा. चुकीच्या प्रकारच्या तेलाने आतल्या पितळी रिंगा लवकर खराब होऊ शकतात. मग मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा. प्रत्येक गिअर टाका, रिव्हर्ससुद्धा. खिडक्या खाली, रेडिओ बंद. गिअर अडखळत नसेल, नवीन आवाज येत नसेल, तर त्याला गॅरेजशी सोडा, आभार माना आणि घरी या. दोन-चार दिवसांनी, गाडी उभी असते तिथे खाली तेलाचा डाग पडलाय का, तेवढं एकदा वाकून बघा.